चढावर थांबलेली गाडी

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

सहलीतली रोलर कोस्टरची गाडी चढावरच अडकली, सगळ्यांना बाजूच्या पायऱ्यांवरून चालत उतरवलं, म्हणून तू फोनवर चिडलास. "आई, तुमच्या धंद्यात सगळी बिघडलेली यंत्रं!" म्हणालास. मी पार्कात कोस्टरच्या देखभालीच्या ड्यूटीवर होते, म्हणून आता लिहिते.

अरे, ट्रॅकचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडतात. पुढची गाडी टप्पा सोडून गेल्याची खबर सेन्सरने दिली नाही, की मागची जागीच अडवली जाते. कारण पुष्कळदा क्षुल्लक असतं. फलाटावर कुणाचा तरी पट्टा लागत नसतो, नाहीतर सेन्सरच दगा देतो. पण शंका आली की थांबायचं. चढावर खटखट आवाज येतो, ज्याने तुम्हा पोरांच्या पोटात गोळा येतो, तो गाडीखालच्या खिटीचा. ती ट्रॅकवरच्या दात्यांवरून सरकत जाते. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरत नाही ती तिच्यामुळेच.

आमचं खरं काम मात्र फाटक उघडण्याआधीचं. लाकडी कोस्टर असेल तर माणूस ट्रॅकवरून पायी फिरतो. लाकूड उन्हापावसात फुगतं, आकसतं, आणि बोल्ट सैल होतात. मग रिकाम्या गाड्यांच्या फेऱ्या. तेव्हा मी कान देऊन उभी राहते. चाकावरचं पॉलियुरेथेन (रबरासारखं प्लास्टिक) झिजलं की घरघर बदलते, आणि ती ओळखायला काही वर्षं जातात (तुझ्या मोबाइलच्या अ‍ॅपला ते जमेल असं मला वाटत नाही!). बंद हंगामात गाड्या पूर्ण सुट्या करतो. आसांवर चुंबकीय पावडर टाकली की डोळ्याला न दिसणारा तडा रेघेसारखा उमटतो. अशी एक रेघ दिसली की तो आस भंगारात, मग तो कितीही महाग असो.

रुळाखालून धरणारी चाकं तुला दिसली नसतील. जॉन मिलर या अमेरिकन कोस्टर बांधणाऱ्याने १९१९ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं. त्याआधी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८८४ मध्ये सुरू झालेली कोस्टरची गाडी ताशी जेमतेम ६ मैलांनी जायची. खालून धरणारी चाकं आली तेव्हा कुठे तीव्र उतार बांधायची हिंमत झाली.

उंचीचं वेड मला फारसं पटत नाही. अमेरिकेतली १३९ मीटर उंचीची किंग्डा का ही कोस्टर २००५ मध्ये सुरू झाली आणि २०२४ मध्ये कायमची बंद पडली. कोनी आयलंडचं सायक्लोन हे लाकडी कोस्टर १९२७ चं, उंची २६ मीटरच, तरी लोक अजून रांग लावतात. तिथे लाकूड बदलत राहतात, म्हणून ते टिकलं.

पुन्हा जाशील तेव्हा पुढच्या सीटसाठी भांडू नकोस, शेवटच्या डब्यात बस. पुढचे डबे उतरणीला लागले की मागचा माथ्यावरूनच वेगाने ओढला जातो आणि माणूस सीटवरून उचलला जातो. तेवढ्यापुरतं पोट रिकामं ठेव.

तुझी,
आई