केसपेपर तीन, रुग्ण एकच

महोदय,

मानखुर्दच्या आमच्या वस्तीत राहणाऱ्या आणि घरकाम करून संसार ओढणाऱ्या एका मावशींना गेली दहा वर्षे मधुमेह आहे. चार महिन्यांपूर्वी त्यांना क्षयरोग झाल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून त्यांच्या पिशवीत तीन केसपेपर असतात : मधुमेहाचा, क्षयरोगाचा आणि डोळ्यांचा. तिन्ही ठिकाणी औषधे मोफत मिळतात आणि गर्दीतही डॉक्टर मनापासून तपासतात, हे मी त्यांच्याबरोबर रांगेत बसून पाहिले आहे. मात्र एका ठिकाणी काय ठरले ते दुसऱ्या ठिकाणी सांगण्याची जबाबदारी मावशींवरच येऊन पडते, आणि त्यांना लिहिता-वाचता येत नाही.

मधुमेह असलेल्यांना क्षयरोगाचा धोका इतरांच्या दोन ते तीन पट असतो. शिवाय क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन या औषधामुळे मधुमेहाच्या काही गोळ्यांचा परिणाम कमी होतो. असे असूनही मावशींची साखर वाढत राहिली तेव्हा ‘पथ्य पाळत नाही’ म्हणून त्यांनाच बोलणी खावी लागली. दोन्हीकडची औषधे शेजारी ठेवून कोणी पाहिली नाहीत. खोकल्यामुळे त्यांची दोन घरची कामे सुटली, मुलगा दारूच्या आहारी गेला आहे आणि कित्येक दिवस घरात एकच वेळ चूल पेटत होती, यातले काहीही कोणत्याच केसपेपरवर नव्हते. क्षयरुग्णांना पोषक आहारासाठी मिळणारी निक्षय पोषण योजनेची मदत नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १००० रुपये झाली आहे; परंतु मावशींचे बँक खाते व्यवहाराअभावी बंद पडलेले असल्याने पहिले तीन महिने ती मिळाली नाही. ते खाते सुरू करून देणे हे कोणाचेच काम नव्हते. अखेर वस्तीतील आरोग्य सेविकेने स्वतःचा वेळ मोडून ते केले.

डॉक्टरने रुग्णाच्या सामाजिक परिस्थितीचाही विचार करावा, ही अपेक्षा देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच मांडली होती. ब्राझीलने १९९४ पासून डॉक्टर, परिचारिका आणि वस्तीतील आरोग्य कार्यकर्ते यांच्या पथकाकडे ठरावीक कुटुंबे सोपवली. मुंबईत नोव्हेंबर २०२२ पासून सुरू झालेले पालिकेचे ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत उघडे असतात, त्यामुळे रोजंदारी बुडवावी लागत नाही, ही मोठी सोय आहे. अशा दवाखान्यांना नेमून दिलेली घरे असावीत, एकाहून अधिक आजार असलेल्या रुग्णाचा एकच केसपेपर तिथे राहावा आणि मोठ्या रुग्णालयांत असतात तसे वैद्यकीय समाजसेवक तिथेही नेमावेत, अशी माझी पालिका प्रशासनाला कळकळीची विनंती आहे. रेशन, बँक खाते, व्यसनमुक्ती यांचा पाठपुरावा डॉक्टरांनी करावा अशी अपेक्षा नाही, त्यांना तेवढा वेळही नसतो. पण तो करणारी व्यक्ती त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलेली असावी आणि आठवड्यातून एकदा दोघांनी आरोग्य सेविकेसह अशा रुग्णांविषयी बोलावे. घरातली खरी परिस्थिती सेविकेलाच ठाऊक असते, पण तिला कोणी विचारत नाही.

हा प्रयोग मानखुर्द ज्यात येते त्या पालिकेच्या एम पूर्व विभागातील काही दवाखान्यांत तरी याच वर्षी सुरू करावा. मावशींचा उपचार अजून दोन महिने चालणार आहे, आणि आमच्या गल्लीत त्यांच्यासारखी आणखी तीन घरे आहेत.

– एक शिक्षिका, मानखुर्द, मुंबई