आईच्या मशीनला काम आहे

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

दादाचा फोन आला होता. आईचं शिलाई मशीन भंगारवाल्याला द्यायचं चाललंय म्हणाला. बाबा, देऊ नका. फोनवर बोलले असते तर तुम्ही ‘बरं, बघू’ म्हणून विषय तिथंच संपवला असता, म्हणून सगळं लिहूनच पाठवतेय. आई, तू वाचून दाखव, आणि मध्येच चहा ठेवायला उठू नको.

आईचे गुडघे धरतात, तिला पायडल मारवत नाही, मशीन ओसरीवर नुसती जागा अडवून बसलंय, हे सगळं मला पटतं. पण मला जे काम करून हवंय त्याला पाय लागतच नाहीत. मशीनच्या चाकाला हाताचं हँडल बसवता येतं. उलट या कामाला हँडलच बरं, मोटर नको. का ते पुढं सांगते.

दिवाळीत बाबा म्हणाले होते, ‘बाहुल्यायचे कपडे शिवून कुठं घर चालतं का?’ मला राग आला नव्हता. बी.एड. झालेली लेक तासिका तत्त्वावरची का होईना, शाळा सोडून चिंध्या घेऊन बसली म्हटल्यावर बापाच्या पोटात कालवणारच. तेव्हा घरात पाहुणे होते, नीट उत्तर देता आलं नाही. ते आता देते.

मी ज्या बाहुलीचे कपडे शिवते ती बार्बीच्या मापाची, साडेअकरा इंचाची. अमेरिकेत 1959 साली ती पहिल्यांदा बाजारात आली आणि आता सेलूच्या बाजारातही त्या मापाच्या बाहुल्या मिळतात. त्या बाहुलीला 1965 साली अंतराळवीराचा चंदेरी पोशाख मिळाला. माणूस चंद्रावर उतरला 1969 मध्ये, आणि सॅली राइड ही अमेरिकेची पहिली बाई अवकाशात गेली 1983 मध्ये. म्हणजे खऱ्या बाईला पाठवायच्या अठरा वर्षं आधी त्या देशातल्या पोरींनी आपल्या बाहुलीला तो पोशाख घालून खेळून घेतलं होतं. बाबा, तुम्ही याला पोरखेळ म्हणता. पोरखेळच आहे. पण पोरी जे खेळतात ते त्यांना अशक्य वाटत नाही. माझ्या वर्गातल्या पोरींना ‘मोठेपणी कोण होणार’ विचारलं की शिक्षिका, नर्स आणि पोलीस, एवढ्यातच यादी संपायची. म्हणून मी फ्रॉक आणि परकर-पोलकं सोडून अवकाशाकडं वळले.

मागणी तीन रंगांना आहे. पांढरा, नारंगी आणि निळा. पांढरा सूट यानाबाहेर पडून काम करतानाचा. तिथं उन्हात 120 अंशांच्या आसपास तापतं आणि सावलीत उणे दीडशेपर्यंत गारठतं, म्हणून ऊन परतवणारा पांढरा रंग. सुनीता विल्यम्स असा सूट घालून नऊ वेळा बाहेर पडल्या, सगळे मिळून 62 तासांच्या वर. नारंगी सूट उड्डाणाच्या आणि परतीच्या वेळचा. समुद्रात पडावं लागलं तर शोधणाऱ्यांना लांबून दिसावा म्हणून तो रंग. कल्पना चावला यांचा जो फोटो शाळेशाळेत लावलेला असतो, त्यात हाच सूट आहे. कर्नालची ती मुलगी 1997 मध्ये पहिल्यांदा गेली आणि 1 फेब्रुवारी 2003 ला परत येताना कोलंबिया यान तुटलं. आई, त्या दिवशी आपण शेजारच्यांच्या टीव्हीसमोर उभे होतो, तू पदर तोंडाला लावला होतास. नारंगी सूट शिवताना मला ते आठवतं. निळा असतो तो साधा एकसंध पोशाख, सरावाचा आणि भेटीगाठींचा. शुभांशू शुक्ला जून 2025 मध्ये अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हापासून निळ्याची मागणी वाढली आणि मुलग्यांच्या आयाही विचारायला लागल्या. त्यांच्या यानात जॉय नावाचा एक छोटा खेळण्यातला हंस होता. तो तरंगायला लागला की वजनरहित अवस्था आली असं समजायचं. तेवढ्या मोठ्या यानात खेळण्याला मानाची जागा होती, हे बाबांना मुद्दाम सांगते.

आता शिलाईचं. आई, हे तुझ्यासाठी.

बाहुली माणसाच्या सहाव्या हिश्शाची असते, पण कापड काही सहापट पातळ मिळत नाही. सगळी अडचण इथंच आहे. आपल्याला मऊ वाटणारं पॉपलीन बाहुलीच्या अंगावर ताडपत्रीसारखं उभं राहतं. इथं संभाजीनगरात गुलमंडीतल्या दुकानांत हात लावून लावून बघितल्यावर ब्लाउजचं टू बाय टू रुबिया आणि मलमल एवढी दोनच कापडं मनासारखी सापडली. टाका बारीक ठेवायचा, सुई अकरा नंबरची, नाहीतर नऊची. शिवणीबाहेरची माया पाव इंचापेक्षा जास्त ठेवली की बगलेत गोळा होतो, कमी ठेवली की रुबिया उसवतं. म्हणून पाव इंचावर शिवून मग कात्रीने निम्मी छाटायची.

बाही तू ब्लाउजला लावतेस तशी लावता येत नाही, तिथं बोटच जात नाही. बाही सपाट असतानाच मुंढ्याला जोडून घ्यायची, मग मनगटापासून बगलेत आणि बगलेतून खाली कमरेपर्यंत एकच टीप मारायची. बगलेच्या वळणावर सुई कापडात रुतवून, दाब उचलून, कापड फिरवायचं. तिथं मोटरचं मशीन माझं ऐकत नाही, पाय जरा जड पडला की सुई तीन टाके पुढं जाते. चाक हाताने फिरवलं की एकेक टाका मोजून पडतो. तुझ्या काळ्या मशीनची टीप किती सरळ येते ते मी लहानपणापासून बघतेय. माझ्या नव्या मशीनवर अजून तशी येत नाही.

बाहुलीचा अंगठा बाहीच्या अस्तरात हमखास अडकतो. मी तिच्या हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळते, बाही सर्रकन चढते, मग पिशवी ओढून घेते. प्रत्येक पाकिटात तसा एक तुकडा ठेवते, म्हणजे लेकरांची ओढाताण होत नाही. मागं टिचबटणं लावते. वेल्क्रो लवकर लागतं खरं, पण त्यात बाहुलीचे केस गुंततात. नारंगी आणि निळ्या कापडाचा रंग बाहुलीच्या अंगाला लागला तर तो परत निघत नाही, म्हणून कापड दोनदा धुऊन, ओलं पांढरं फडकं घासून बघते आणि तरीही आतून मलमलचं अस्तर देते. ही शिस्त तुझीच आहे. गिऱ्हाइकाचं कापड आधी पाण्यातून काढल्याशिवाय तू कात्री लावत नव्हतीस.

पांढऱ्या सूटवर आडव्या शिवणी दिसाव्या लागतात. तिथं मी दोन थरांमध्ये जुन्या साडीचा तुकडा घालून तुझ्या गोधडीचा धावदोरा घालते. खऱ्या सूटलाही थरावर थर असतात. नील आर्मस्ट्राँग ज्या सूटमध्ये चंद्रावर चालले त्याचे एकवीस थर होते, आणि आई, तो बायांनी शिवला होता. अमेरिकेत डोव्हर नावाच्या गावी बायकांची अंतर्वस्त्रं आणि लहान मुलांच्या रबरी चड्ड्या बनवणारी कंपनी होती, तिला ते काम मिळालं. मोठमोठ्या संरक्षण कंपन्यांचे सूट ताठ होते, यांचा वाकत होता. शिवणाऱ्या बायका त्याच खात्यांतून उचललेल्या. एलेनोर फोरेकर नावाच्या बाई लहान मुलांच्या लंगोटांच्या विभागातून तिकडं गेल्या. शिवण इंचाच्या बत्तिसाव्या भागापेक्षा जास्त हललेली चालत नसे. टाचण्यांवर पहारा असे, एखादी आत राहिली तर नाही ना म्हणून सूटचा एक्स-रे काढत. चंद्रावरच्या माणसाचा श्वास त्या टिपेवर अवलंबून होता. हे वाचलं तेव्हा मला तू दिसलीस, गल्लीतल्या बाळंतिणींची झबली-टोपडी शिवणारी. ‘मला काय येतं, नुसती शिलाई’ असं तू कायम म्हणतेस. ते आता म्हणू नको.

आणि बाबा, अवकाशात गेलेली जगातली पहिली बाई, व्हॅलेंतिना तेरेश्कोवा, रशियातल्या यारोस्लाव्हल गावच्या कापड गिरणीत कामाला होती. तिची आईही गिरणीतलीच. 16 जून 1963 ला ती गेली आणि जवळजवळ तीन दिवस एकटी पृथ्वीभोवती फिरत राहिली, 48 फेऱ्या. तुम्ही जिनिंगवर हयात काढलीत, कापसाचं बोंड चिमटीत धरून धाग्याची लांबी सांगता. तुमच्यासारख्याच कापसातल्या माणसांच्या घरातली लेक होती ती. तिचा पोशाख मला करायचा आहे, गिरणीतल्या डोईवरच्या रुमालासकट. रुमालाचं कापड तुम्ही निवडून द्या.

सगळ्यात जास्त जीव ओतते ती साडीवालीत. 24 सप्टेंबर 2014 ला मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोचलं, तेव्हा इस्रोतल्या बायकांचा फोटो पेपरात आला होता. काठपदराच्या साड्या, केसांत गजरे, एकमेकींना टाळ्या देत हसताहेत. त्या मोहिमेत रितू करिधाल होत्या, पुढं चांद्रयान-2 ची जबाबदारी त्यांच्याकडं आली. माझ्याकडं आलेल्या एका मुलीने ती बाहुली बघून विचारलं, ‘ही पण अवकाशवालीच का? ही तर मम्मीसारखी दिसते.’ मला याहून मोठं सर्टिफिकेट नको. साडेपाच मीटर साडीचा सहावा भाग म्हणजे 92 सेंटिमीटर, रुंदी 19. पण तेवढ्या निऱ्या घातल्या तर बाहुलीचं पोट सुटल्यासारखं दिसतं. मी तीनच निऱ्या घालून कमरेला शिवून टाकते. पैठणीचा काठ फार रुंद पडतो, म्हणून बोटाच्या पेराएवढी जरीची लेस लावते. साडीला धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनंच कापड चांगलं पडतं. आई, गोधडीसाठी बांधून ठेवलेल्या गाठोड्यातल्या पातळ साड्या वेगळ्या काढ. ती जांभळी आहे ना, वहिनीच्या साखरपुड्यातली, ती नक्की.

आता बाबांचा प्रश्न, पैशाचा. एक सूट साडेचारशेला जातो. कापड, अस्तर, टिचबटणं, डोक्यावरचा पारदर्शक प्लास्टिकचा गोल आणि पाकीट धरून शंभराच्या आत खर्च. साडीला वेळ जास्त लागतो, ती साडेपाचशेला. गणपती आणि दिवाळीच्या मध्ये हाताला उसंत नसते. मे महिन्यात मात्र काम थंड असतं, तेव्हा पुढच्या मोसमाचं शिवून ठेवायचं. शाळेत महिनोन् महिने मानधन अडकायचं, इथं पैसे आधी, पाकीट नंतर. कर्ज काढलेलं नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत बिनतारण मिळतं, पण इंटरलॉक मशीन साठवलेल्या पैशांतूनच घेतलं. छोट्या धंद्याची सरकारी उद्यम नोंदणी केली आहे, तिला पैसे पडत नाहीत. कोणी एजंट दारात येऊन फी मागेल, त्याला उभं करू नका.

कायद्याचंही बघितलंय. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्याला आयएसआय खूण लागते. म्हणून बाहुली मी बनवत नाही, खुणेची विकत घेते, माझे फक्त कपडे. कुठल्या परदेशी कंपनीचं नाव लावत नाही, ‘साडेअकरा इंची बाहुलीसाठी’ एवढंच लिहिते. इस्रोचं किंवा नासाचं बोधचिन्हही कापडावर काढत नाही. त्याऐवजी छातीवर एक छोटं आठ पाकळ्यांचं चक्र भरते, तुझ्या उंबऱ्याच्या रांगोळीतलं. लोक त्यावरून माझं काम ओळखायला लागलेत.

तर बोलायचं ते हे, की मागणी आहे आणि माझे दोनच हात आहेत. इथं सिडकोत शिवणाऱ्या बाया मिळतात, पण त्यांना रोजचे पंधरा ब्लाउज उरकायचे असतात, एका बाहीपाशी थांबायला सवड नसते. मी सगळं कापून, गठ्ठे बांधून पाठवीन, पुठ्ठ्याचे पॅटर्न सोबत देईन. आईने मुंढे आणि बगलेची टीप तेवढी मारायची. टिचबटणं आणि धावदोरा दुपारी अंगणात बसून होईल. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तुला नजरेचा त्रास नाही, सुई ओवायचं यंत्र मी आणते. बाबांनी आलेले-गेलेले नग वहीत लिहायचे आणि पोस्टात पार्सल टाकायचं. जिनिंगच्या काट्यावर तुम्ही कुणाचा किलोभर कापूस इकडचा तिकडं होऊ दिला नाहीत, माझं वहीखातं तुमच्याकडं असलं तर मला घोर नाही. दिवसातले दोन तास, त्याहून जास्त नको. पाठ दुखली की उठायचं, संक्रांतीला आणि लग्नसराईला सुट्टी.

रविवारी मराठवाडा एक्स्प्रेसने येते. हँडल, तेलाची बाटली आणि बॉबिन घेऊन येते. मिस्त्रीला बोलवायची गरज नाही, ते बसवायला मी शिकलेय. पहिल्या दहा सूटचं कापड सोबत असेल. एक मी तुझ्यासमोर बसून शिवीन, मग तू.

आणि आई, एका सूटमागं तुला सव्वाशे रुपये मिळतील. ‘लेकीकडून कसले पैसे’ हे चालणार नाही, आधीच सांगते. ब्लाउजची शिलाई तू सरपंचाच्या बायकोकडूनही वाजवून घेत होतीस. माझ्याकडूनही तशीच घ्यायची, आणि बाबांनी ती वहीत तुझ्या नावावर लिहायची.

वहिनीला नमस्कार, लेकरांना पापा.

तुमची,
मंगल