गावरस्त्यांच्या साइडपट्ट्या भरा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

समृद्धी महामार्गाबद्दल पेपरात भरपूर येतं, यायलाच पाहिजे, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर म्हणजे काही लहान काम नाही. पण त्याच्यावर टू व्हीलरला बंदी आहे आणि ती बरोबरच आहे, तिथल्या स्पीडमध्ये मोटारसायकल नकोच. मग आमच्याकडचा मोटारसायकलवाला जातो कुठून? जिल्हा मार्गानं आणि गावरस्त्यानं. दूधवाला, शाळेचे मास्तर, बियाणं आणायला निघालेला शेतकरी, बायकोला डबलसीट घेऊन दवाखान्यात चाललेला माणूस, सगळे तिथूनच. त्या रस्त्यांबद्दल लिहायचं म्हणून हे पत्र.

आम्ही मित्रमंडळी यंदा तुरीच्या दिवसात आपापल्या गाड्या घेऊन निघालो, ठरवूनच हायवे टाळला. आर्वीवरून कौंडण्यपूर, तिथून चांदूर बाजार, परतवाडा, वर चिखलदरा, सेमाडोह, मग खाली उतरून अंजनगाव, अकोट, शेगाव, खामगाव, जानेफळवरून मेहकर आणि लोणार. येताना रिसोड, वाशिम, मंगरूळपीर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ. जागोजागी जमेल तिथं मुख्य रस्ता सोडून गावागावातून गेलो. काय सुंदर मुलूख आहे हो आपला! परतवाड्याकडं संत्र्याच्या बागा, एका बागेजवळ थांबलो तर मालकानं "कुठून आले जी?" विचारत ओंजळभर संत्री हातात दिली, पैशाचं नावच काढू दिलं नाही. लोणारला तर काठावर उभं राहिलं की बोलणंच बंद होतं. विदर्भ बघायचा तर मोटारसायकलवरूनच बघावा असं माझं ठाम मत झालंय.

पण पूर्ण रस्ताभर एकच गोष्ट खटकली, साइडपट्टी. म्हणजे डांबर संपलं की बाजूला जो मुरमाचा पट्टा असतो तो. बहुतेक गावरस्त्यांवर तो राहिलेलाच नाही. डांबराची कड आणि खालची काळी माती यांच्यात कुठं चार बोटं तर कुठं चक्क वीतभर खड्डा. एकपदरी रस्ता ३.७५ मीटर रुंद, कमी वर्दळीच्या गावरस्त्याला ३ मीटरही चालतो. आता समोरून एसटी आली, नाहीतर कापसाची ट्रॉली आली, तर खाली कोण उतरणार? मोटारसायकलवालाच. आणि तो उतरतो म्हणजे पुढचं चाक खाली जातं नि मागचं वर कडेला घासत राहतं, परत वर चढायला गेलं की गाडी आडवी.

वाशिम जिल्ह्यातल्या एका आडरस्त्यावर आमच्या डोळ्यासमोर हेच झालं. आमच्या पुढं एक दूधवाला, वयस्कर माणूस, दोन्हीकडं कॅन लटकवलेल्या. समोरून एसटी आली, ड्रायव्हरनं हळू केली होती, त्याचा काहीच दोष नव्हता. हे काका खाली उतरले, एसटी गेल्यावर वर घ्यायला लागले तर चाक कडेला अडकून घसरलं. आम्ही धावत जाऊन गाडी उचलली. एका कॅनचं झाकण उडालं होतं, दूध भेगाळलेल्या काळ्या मातीत असं जिरलं की बघता बघता नुसता ओला डाग राहिला. गुडघा फुटला होता, पण काका आधी दुसरी कॅन हलवून बघत होते, तिच्यात किती राहिलं म्हणून. म्हणाले, "रोजचंच हाय भाऊ, एसटी दिसली का आपणच आधी थांबाचं." माणसानं रोज जीव मुठीत धरून दूध घालायला जायचं, याची सवय झाली म्हणून ते ठीक होत नाही ना.

आणि यात सरकारचा पैसाही वाचतो हे मला कळकळीनं सांगायचंय. आपली जमीन काळी, पाणी लागलं की फुगते, उन्हात भेगाळते. साइडपट्टी गेली की पावसाचं पाणी कडेनं रस्त्याच्या पोटात शिरतं, खालची गिट्टी सुटते, मग डांबर कडेकडेनं तुटत आत येतं आणि आधीच अरुंद असलेला रस्ता आणखी अरुंद होतो. नवीन डांबर टाकण्यापेक्षा पावसाळा संपल्यावर, कापूस-तुरीची वाहतूक सुरू व्हायच्या आधी मुरूम भरणं केव्हाही स्वस्त. फक्त तो नीट भरा, पाणी मारून रोलर फिरवून. काही ठिकाणी नुसते ढीग ओतून पसरवलेले दिसले, तसला सुटा मुरूम तर मोटारसायकलला खड्ड्यापेक्षा वाईट, ब्रेक मारला की चाक सरकलंच.

वाचकांनाही सांगतो, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर सुरुवातीला पाटी असते. त्या रस्त्याची पाच वर्षं देखभाल करायची जबाबदारी ठेकेदारावर असते आणि साइडपट्ट्या नीट ठेवणं त्या देखभालीतच येतं. पाटी वाचा, तारीख बघा, मुदत बाकी असेल तर फोटो काढून 'मेरी सडक' ॲपवर तक्रार टाका, ग्रामसभेत विषय घ्या. आमच्या गावी आम्ही तेच करणार आहोत.

आपल्या पेपरला एक विनंती. तुमचे वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना टेप घेऊन आपापल्या भागातल्या गावरस्त्यांवर जाऊ द्या, कडेची खोली मोजू द्या आणि रस्त्याचं नाव, खोली आणि देखभालीची मुदत कधी संपते, एवढं तालुकावार छापा. सुरुवात आमच्या तालुक्यापासून केली तरी चालेल, मोजायला आम्ही सगळे मित्र सोबत येऊ.

आपला,
एक नियमित वाचक
देवळी, जि. वर्धा