फायबर आलं, पण नंबर मात्र पीपी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात दिवसाआड कुठल्या ना कुठल्या फायबर कनेक्शनची पानभर जाहिरात असते, इतके एमबीपीएस, इतके ओटीटी फुकट, बसवायचा खर्च शून्य. त्यात एक गोष्ट कुणीच छापत नाही, ती म्हणजे घराला बाहेरून गाठता येईल असा स्वतःचा इंटरनेट अॅड्रेस मिळणार की नाही, आणि तिच्यापायी माझे सलग तीन रविवार गेले, म्हणून हे पत्र. विषय थोडा टेक्निकल आहे पण वाचाच, मीपण काही कॉम्प्युटरवाली नाहीये, टेलिफोन खात्यात एक्स्चेंजवर ३१ वर्षं काढली एवढंच.

माझी आई ८४ वर्षांची. गिरगावात चाळीत एकटी राहते, मुलुंडला ये म्हटलं की म्हणते तिथे मला कोण ओळखतं. म्हणून तिला विचारूनच दोन कॅमेरे लावले, एक दारावर एक स्वयंपाकघरात, आणि कपाटावर त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, डीव्हीआर. आता घरच्या इंटरनेटचा आयपी अॅड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा घराचा नंबर, कायमचा नसतो, लाइट गेली, राउटर बंद होऊन चालू झाला की बहुतेक वेळा नवा मिळतो, त्यामुळे मुलुंडहून बघायचं तर रोज नवा नंबर शोधा. यावर उपाय डायनॅमिक डीएनएस, थोडक्यात डीडीएनएस. आपण एक नाव घ्यायचं, आणि अॅड्रेस बदलला की राउटर स्वतःच त्या सर्व्हिसला कळवतो की बाबा आता मी इथे राहतो. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे अमुक पोर्टवर (राउटरच्या नंबर घातलेल्या दारावर) कुणी आलं की त्याला डीव्हीआरकडे पाठव. हे भाच्याने लावून दिलेलं तीन वर्षं विनातक्रार चाललं.

मग चाळीत फायबर आलं, जुनी लाइन काढली आणि त्याच संध्याकाळी माझ्या मोबाइलवर आई दिसायची बंद झाली.

पहिला रविवार डीडीएनएसवर संशय घेण्यात गेला. काही फुकट खात्यांना महिन्याला एकदा ईमेलवरून 'मी अजून आहे' असं कळवावं लागतं, ते राहिलं असेल म्हणून बघितलं, तर सगळं ठीक, राउटरमध्येही हिरवं सक्सेस. नाव पिंग केलं, म्हणजे त्या नावामागे कुठला अॅड्रेस आहे ते विचारलं, आणि आलेला अॅड्रेस 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या साइटशी जुळवला, तोपण तोच! शिवाय मी वेडी आईच्याच वायफायवर बसून टेस्ट करत होते. बऱ्याच राउटरना आतून बाहेर जाऊन परत स्वतःच्याच दारात यायला जमत नाही, त्यामुळे तशी टेस्ट काहीच सांगत नाही. वायफाय बंद करून मोबाइल डेटावरूनच बघायचं असतं हे भाच्याने फोनवर हसत हसत सांगितलं.

दुसऱ्या रविवारी कळलं की फायबरवाल्याचा डबा हा स्वतःच एक राउटर आहे आणि आमचा जुना राउटर त्याच्या मागे जोडलाय. एका दारामागे दुसरं दार. आमच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे राउटरच्या बाहेरच्या बाजूचा, अॅड्रेस १९२.१६८ ने सुरू होत होता, म्हणजे तो घरातलाच अॅड्रेस, बाहेरचा नव्हेच. केबलवाल्या पोराच्या चार फोनांनंतर मिनतवाऱ्या करून तो डबा ब्रिज मोडवर, म्हणजे राउटर न राहता नुसता पूल म्हणून, टाकून घेतला. वाटलं जिंकले. पण परत तेच.

तिसऱ्या रविवारी तेच पान नीट बघितलं, तर वॅनचा अॅड्रेस १००.७८ ने सुरू होणारा आणि साइटवर दिसणारा भलताच. इथेच रहस्य उलगडलं. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे सगळे अॅड्रेस २०१२ साली इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवलेत, आणि बाहेर दिसणारा एक खरा अॅड्रेस अनेक घरांमध्ये वाटलेला असतो, याला सीजीनॅट म्हणतात. तुमच्याकडे असं झालं असेल तर ओळखायची रीत हीच, राउटरचा वॅन आयपी आणि साइटवरचा आयपी शेजारी शेजारी ठेवून बघा, जुळले नाहीत तर मधे कुणीतरी बसलंय, मग डीडीएनएसशी कितीही मारामारी करा उपयोग नाही.

माझ्या पिढीला हे एका शब्दात सांगता येतं, पीपी नंबर! पूर्वी चाळीत एका घरी फोन असायचा आणि अख्खी चाळ कार्डावर तोच नंबर छापायची, पुढे कंसात पीपी. बाहेर फोन करायला अडचण नाही. पण आलेला फोन त्या घरी जायचा आणि काकू गॅलरीतून हाक मारायच्या. इथे फरक एवढाच की काकूंना हाक मारताच येत नाही, कुठल्या घराला मारायची ते त्यांना माहीतच नाही, त्या सरळ रिसीव्हर खाली ठेवतात. डीडीएनएसने नंबर बरोबरच दिलेला असतो हो, पण तो काकूंचा.

कंपन्यांचा सगळाच दोष आहे असं नाही. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे, अॅड्रेस जगात मिळून सुमारे ४२९ कोटी, त्यांचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला आणि आपल्या आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचंही त्याच वर्षी एप्रिलपासून रेशनिंग सुरू झालं. वाटून वापरणं भाग आहे, मान्य. आयपीव्ही६ वर प्रत्येक घराला हवे तितके अॅड्रेस आहेत, पण आईच्या डीव्हीआरला ते कळत नाही, आणि कस्टमर केअरला विचारलं तर पहिल्या दोघांनी राउटर रिस्टार्ट करायला सांगितलं, तिसरा म्हणाला मॅडम स्पीड येतोय ना मग? चौथ्याने सांगितलं की स्टॅटिक, म्हणजे कायमच्या, आयपीचे पैसे वेगळे भरा. हे मला कनेक्शन घ्यायच्या आधी का नाही कळलं? जुनं कनेक्शन मी सोडलंच नसतं.

काही जण म्हणतील कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्यूआर कोडवालं अॅप टाका, सीजीनॅट असला तरी चालतं. चालतं खरं, पण त्यासाठी डीव्हीआर कायम त्या कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला राहतो, आणि माझ्या आईच्या स्वयंपाकघराचा ताबा तिऱ्हाइताकडे कशाला? आणि पोर्ट उघडे टाकणं चांगलं असंही मी म्हणत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवलेले कॅमेरे आणि राउटर लाखांनी ताब्यात घेतले आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी डाइन (Dyn) या डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून अॅड्रेस सांगणाऱ्या, कंपनीवर हल्ला झाला, ट्विटर-नेटफ्लिक्स काही तास बंद पडले. गंमत म्हणजे घरगुती डायनॅमिक डीएनएस लोकप्रिय केलं ते याच कंपनीने. तेव्हा पासवर्ड बदलावा, डीव्हीआरचं पोर्ट बंद करावं आणि राउटरवरच व्हीपीएन, म्हणजे कुलूपबंद खासगी बोगदा, टाकून त्यातून आत यावं, वायरगार्ड नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठी छान आहे. पण घरातल्या राउटरवर थेट व्हीपीएन चालवायचं तरी खरा अॅड्रेस लागतोच की!

माझी मागणी फार नाही. लोकलच्या इंडिकेटरवर गाडी फास्ट आहे की स्लो हे चढायच्या आधी दिसतं, तसं दूरसंचार नियामक ट्रायने प्रत्येक कंपनीला कनेक्शनच्या फॉर्मवर एक ओळ छापायला लावावी, पब्लिक, म्हणजे बाहेरून गाठता येणारा, आयपी मिळेल की नाही, मिळत असेल तर किती पैशात, आणि आयपीव्ही६ चालू आहे का. जागा पुरत नसेल तर ओटीटीची दोन चित्रं कमी करा.

आपली,
एक वाचक, मुलुंड पूर्व