घराची नोंदणी झाली, घरपट्टीचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या मुलीने आणि जावयाने २०२२च्या दसऱ्याच्या सुमारास पुणे महापालिकेच्या हद्दीत, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ८० लाखांचे घर घेतले. ताबा मिळाल्यानंतर जवळपास दोन वर्षांनी त्यांच्या हाती पहिले घरपट्टीचे बिल पडले. त्यावर नाव विकसकाचे होते, रक्कम भोगवटापत्राच्या (इमारत वापरण्यास योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याच्या) तारखेपासूनची एकत्रित होती आणि स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळणाऱ्या ४० टक्के सवलतीचा मागमूस नव्हता. दोघेही सुशिक्षित असून कागदपत्रांच्या बाबतीत निष्काळजी नाहीत. तरीही हे का घडले, याचा शोध घेताना जे समजले ते नव्याने घर घेणाऱ्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे पत्र.

घर घेताना लागणाऱ्या मोठ्या रकमांची माहिती आजकाल कोणीही देते. पुण्यात करारनाम्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ८० लाखांवर ५ लाख ६० हजार, आणि नोंदणी शुल्क कमाल मर्यादेइतके, म्हणजे ३० हजार. करारातील किंमत रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेल्या, दरापेक्षा कमी असेल, तर मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या मूल्यावर लागते. बांधकाम चालू असल्याने ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४ लाख, गेला. भोगवटापत्र मिळालेल्या तयार घराला तो लागला नसता. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने प्रत्येक हप्त्यातून १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या नावे जमा होणारा आयकर, कापून तो सरकारकडे भरण्याची जबाबदारीही खरेदीदाराचीच. मात्र ही रक्कम घराच्या किमतीतूनच वळती होत असल्याने तिचा वेगळा बोजा नसतो. महिलेच्या नावाने घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, पण सर्व खरेदीदार महिला असतील तरच. कर्जासाठी जावयाचे नाव जोडले आणि त्या एका नावापायी ८० हजारांची सवलत गेली. हे आम्हाला दुय्यम निबंधक कार्यालयात रांगेत उभे असताना शेजारच्या गृहस्थांनी सांगितले. तोवर शुल्क भरून झाले होते.

खरी अडचण नोंदणीनंतर सुरू होते, कारण इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झाल्याचा उतारा, हातात आला की घर आपल्या नावावर झाले, अशी बहुतेकांची समजूत असते. मुद्रांक विभागाच्या दप्तरी ते झालेलेही असते, पण महापालिकेच्या कर आकारणी विभागाचे दप्तर वेगळे आहे. कायद्यानुसार हस्तांतरणाची सूचना तीन महिन्यांत महापालिकेला द्यावी लागते आणि ती दिली जात नाही तोवर जुन्या नावानेच आकारणी चालू राहते. त्यामुळे जुने घर घेणाऱ्याने विक्रेत्याकडून केवळ चालू वर्षाची पावती पाहून समाधान मानू नये. मालमत्ता कर हा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे त्या मिळकतीवरचा पहिला बोजा असतो. घर कोणीही विकत घेतले तरी थकबाकी घरासोबत येते आणि दरमहा २ टक्के शास्ती चढत जाते. व्यवहारापूर्वी महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळकत क्रमांक टाकून मागील सर्व वर्षांची बाकी पाहणे हे दहा मिनिटांचे काम आहे. ते न केल्याने आमच्या परिचयातील एका कुटुंबाला आधीच्या मालकाची कित्येक वर्षांची घरपट्टी भरावी लागली.

नव्या इमारतीत प्रश्न थोडा निराळा असतो. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या, कायद्याच्या कलम ११ नुसार प्रत्यक्ष ताबा देईपर्यंतचे महापालिकेचे कर विकसकाने भरायचे असतात. आकारणी मात्र भोगवटापत्राच्या तारखेपासून होते आणि ताबा त्यानंतर काही महिन्यांनी मिळतो. मधल्या महिन्यांचा कर आमच्या बिलात आला होता. ताबापत्राची प्रत जोडून लेखी मागणी केल्यावर विकसकाने ती रक्कम परत दिली, पण मागितली नसती तर ती मिळाली नसती.

आता ४० टक्के सवलतीविषयी. स्वतः राहणाऱ्या मालकाला ही सवलत देण्याची पुण्यातील पद्धत १९७० पासूनची आहे. मध्यंतरी ती बंद झाली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने पुन्हा लागू केली. मात्र १ एप्रिल २०१९ नंतर नव्याने आकारणी झालेल्या मिळकतींसाठी मालकाने पीटी-३ हा अर्ज भरून, सोसायटीचे ना हरकत पत्र आणि त्या पत्त्यावरील मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, गॅस कार्ड किंवा शिधापत्रिका यांपैकी पुरावा देऊन, आपण तेथेच राहतो हे सिद्ध करावे लागते. म्हणजे आधी पत्ता बदलायचा, मग अर्ज करायचा. ज्याने आधार आणि मतदार यादीतील पत्ता बदलण्याचे काम पुढे ढकलले, तो ढोबळ मानाने ६० रुपयांच्या जागी १०० रुपये कर भरत राहतो. मुंबईतील आमच्या मेहुण्यांनी "५०० फुटांपर्यंत घरपट्टी माफ आहे, काळजी कसली?" असा धीर दिला होता. ती माफी २०२२ पासून मुंबई महापालिकेच्या हद्दीतील निवासी घरांना आहे, पुण्याला नाही.

वीजजोडणीचे नाव बदलणे, सोसायटीचे भागप्रमाणपत्र घेणे, कर्ज असल्यास नोटीस ऑफ इंटिमेशन (घर तारण ठेवल्याची नोंदणी कार्यालयाला द्यायची सूचना) ३० दिवसांत दाखल करणे, ही कामेही याच काळात येतात. पण त्यांची आठवण बँक किंवा सोसायटी करून देते. घरपट्टीची आठवण करून देणारा कोणीच नसतो.

महापालिकेला माझी विनंती एवढीच आहे की, नव्या मिळकतीच्या पहिल्या आकारणी नोटिशीसोबतच पीटी-३ आणि नाव बदलण्याचा अर्ज पाठवावा. विकसकांच्या संघटनांनीही ताबापत्रासोबत भोगवटापत्राची तारीख, मिळकत क्रमांक आणि ताब्याच्या दिवसापर्यंतच्या कराची पावती, हे तिन्ही कागद देण्याची प्रथा सुरू करावी. मुलीच्या घराची नावनोंदणी आणि पीटी-३ हे दोन्ही अर्ज आम्ही गेल्या महिन्यात क्षेत्रीय कार्यालयात दिले. पोच मिळाली आहे. सवलतीचे सुधारित बिल अजून आलेले नाही.

आपला,
एक वाचक, पुणे