ओम लातूरला येणार नाही

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुमचा आवाज ऐकला की माझं निम्मं बोलणं घशातच राहतं, म्हणून लिहितेय. ओमचा अकरावीचा प्रवेश आम्ही इथेच, नाशिकला घेतला. वरच्या खोलीत बाबांनी त्याच्यासाठी टेबल करून घेतलं, आईचे रविवारचे बेत ठरले, आणि मी आपली "बघू, बघू" करत राहिले. चूक माझीच.

पैशाचा प्रश्न नाही, यांचा हट्ट नाही. लातूरचे क्लास वाईट असंही नाही. कॉलेज सोडून बाकीचा अभ्यास तो बराचसा मोबाइलवर करणार आहे. (आता बाबा चष्मा काढून ठेवतील.)

बाबा, तुमचा राग २०२० सालचा आहे आणि तो खोटा नाही. तुम्ही तेव्हा इथेच अडकला होतात. पाचवीतला ओम कॅमेरा बंद करून "प्रेझेंट मिस" म्हणायचा, फोन उशीला टेकवायचा आणि पलंगाखाली गाड्या फिरवायचा. आठवीपर्यंत त्याला अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती. मीही त्याच्यादेखत सगळ्यांना सांगायचे, "गणितात माझ्यावर गेलाय." फोनपेक्षा ते वाक्यच जास्त नडलं, असं आता वाटतं.

दिवाळीनंतर तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यानं विचारलं, "आजोबांच्या डोळ्यात बसवलं काय?" मला सांगता येईना. त्यानं भिंगांच्या धड्यासाठी पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला, मग आणखी कुठले कुठले व्हिडिओ शोधले. थांबवायचा, मागे घ्यायचा, पुन्हा बघायचा. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर डोळा काढला. किरण पडद्याच्या मागेच जाऊन पडले. खोडलं, पुन्हा काढलं. साडेदहाला स्वयंपाकघरात आला, "आई, आजोबांचं स्वतःचं भिंग गढूळ झालं होतं. ते काढलं आणि नवीन घडी घालून आत सरकवलं, ते आत जाऊन उलगडलं!" फोन तोच, पोरगाही तोच. "अभ्यासाला बस" म्हणायला मात्र कुणी नव्हतं.

लातूरला वेळापत्रक त्याला ओढून नेईल, आणि ओढून नेलेला ओम मी पाचवीत पाहिलाय.

१९९८ साली अमेरिकेत म्युलर आणि ड्वेक या दोघींनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग वाचले. "हुशार आहेस" असं कौतुक झालेली मुलं पुढे सोप्याकडे वळली. "मेहनत घेतलीस" म्हटलेल्यांनी शिकायला मिळेल ते अवघड पसंत केलं. तुम्ही मला हुशार कधी म्हणाला नाहीत. पाढा चुकला की पाटीवर बोट ठेवून "पुन्हा" एवढंच. मी रुसून आईच्या पदरात शिरायचे, तुमच्या सदऱ्याला खडूचा वास यायचा.

ओम काही संत नाही. परवा रात्री एक वाजता पांघरुणात उजेड दिसला, क्रिकेटचे रील चालले होते. आता दहा वाजता फोन फ्रिजवर. व्हिडिओ संपला की फोन पालथा आणि वहीत न बघता लिहायचं, हा नियम त्याचा त्यानंच केलाय. मोडतोही तोच.

जेवणाची काळजी नको. गरम पोळी, ताक, तुझं मेतकूट, सगळं चालू आहे. आई, माळ्यावरचे डबे तू उतरवायचे नाहीत, गुडघा बरा म्हणाली असलीस तरी. बाबा, बीपीची गोळी सकाळीच घ्या, आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख याच महिन्यात घ्या, मी रजा टाकून येते. दिवाळी आणि मे महिना ओम तुमचाच. टेबल हलवू नका.

रविवारी चारला तो व्हिडिओ कॉल करून तुम्हाला भौतिकशास्त्र शिकवणार आहे. चुकला तर लगेच उत्तर सांगायचं नाही. "पुन्हा" म्हणायचं. आणि फोन चार्ज करून ठेवा, मागच्या वेळी अर्ध्यात बंद पडला.

तुमची,
मनी