त्या सात हजारांचा हिशेब

पुणे, 9 ऑगस्ट

ती. आई-बाबांना सा. न.

ही गोष्ट फोनवर धड सांगून होत नाही. बाबा स्पीकर लावतात, आई मध्येच "जेवलीस का" विचारते, आणि मी "झाला कॉम्प्युटर नीट" म्हणून विषय मिटवते. म्हणून लिहितेय. बाबा, जुलैत तुम्ही नवीन पॉवर सप्लायसाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यासाठी, सात हजार पाठवलेत. तो मी आणला, बसवलाही. पण दुखणं त्यात नव्हतंच. हे तुम्हाला सांगायचं मी तीन आठवडे टाळतेय.

सुरुवात जूनमध्ये झाली, पहिला मोठा पाऊस पडला त्याच आठवड्यात. काम करता करता खट्‌कन बंद. निळा पडदा नाही, काही सूचना नाही. कुणी मेन स्विच पाडावा तसं. कधी दिवसातून तीनदा, कधी सलग चार दिवस काही नाही. हे चार दिवसच जास्त वाईट. वाटतं, गेलं असेल आपोआप. आणि मग ऐन क्लायंटला फाइल पाठवताना पुन्हा अंधार.

कंपनीचा कॉम्प्युटर असता तर तक्रार नोंदवून मोकळी झाले असते. हा मी 2022 च्या दिवाळीत स्वतः जोडलेला. आपल्या हाताने जोडलेल्या कॉम्प्युटरला प्रत्येक पार्टची वॉरंटी वेगळी, आणि प्रत्येक दुकानदार दुसऱ्याच्या पार्टकडे बोट दाखवतो. म्हणजे डॉक्टरही मीच, पेशंटचे नातेवाईकही मीच.

आधी उष्णतेवर संशय घेतला. प्रोसेसरवरचा पंखा काढला, प्रोसेसरची उष्णता वर पोचवणारी जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली. तापमान पूर्ण लोडवर 78 च्या वर जाईना. आणि जास्त तापला तरी हे आजचे प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतात, एकदम मान टाकायची वेळ फार पुढची. मग रॅम. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावून झोपले. सकाळी बघते तर चुका शून्य वगैरे राहिलं बाजूला, अख्खा कॉम्प्युटरच बंद पडलेला. मेमटेस्ट चालते तेव्हा विंडोज नसतंच, म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नाही, हे बरोबर ओळखलं. तिथून सरळ "मग पॉवर सप्लायच" अशी उडी मारली, ती चुकली.

खरं तर उलटा पुरावा समोर होता. बाबा, तुम्हाला लोडची भाषा कळते म्हणून सांगते. माझं ग्राफिक्स कार्ड 170 वॅटचं, प्रोसेसर फार तर 76 वॅट घेतो, बाकी किरकोळ मिळून तीनशेच्या आत. सप्लाय 550 चा. रात्रभर रेंडर, म्हणजे अंतिम चित्र तयार करण्याचं जड काम, चालायचा, सगळं पूर्ण ताकदीने, आणि कॉम्प्युटर ढिम्म हलायचा नाही. बंद पडायचा तो मी नुसता मेल लिहीत असताना. सप्लाय कमी पडत असता तर रेंडरमध्ये पडला असता की नाही? तुमच्या जुन्या मीटरने पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये व्होल्टेजही मोजलं होतं. बारा व्होल्टच्या जागी 12.08, लोडवर 11.96. 11.4 ते 12.6 पर्यंत चालतं. म्हणजे कागदावर पास झालेला पोरगा मी नापास केला. का, तर आणखी एक लक्षण होतं: कधी कधी बटण दाबल्यावर पंखे फिरायचे आणि चार-पाच सेकंदांत परत बंद. मला वाटलं, सप्लाय शॉर्ट ओळखून स्वतःला तोडतोय. हे चार-पाच सेकंद लक्षात ठेवा.

याच काळात तुम्ही फोनवर रोज "आधी अर्थिंग बघ" म्हणत होतात. वीज बोर्डात एकतीस वर्षं काढलेला माणूस दुसरं काय सांगणार, असं मी मनात म्हणाले. हे आज कबूल करते. पण कॅबिनेटला मागून हात लागला की बारीक झिणझिण्या यायच्या, हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुमचा आवाजच बदलला. मीटरवर जाऊ नको, डिजिटल मीटर फसवतो, वायरमनकडून फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघ म्हणालात. वायरमन आला, बल्ब लावला. फेज-न्यूट्रलमध्ये झगझगीत, फेज-अर्थमध्ये मेलेला. सॉकेटच्या मागे अर्थची हिरवी वायर स्क्रूतून निसटून नुसती लोंबत होती. सप्लायच्या आत फिल्टरचे दोन कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेले असतात, अर्थ नसली की बॉडीवर निम्मे व्होल्ट येऊन बसतात, करंट अगदी नखाएवढा. तुम्हीच हे समजावलंत. वायर घट्ट केली, झिणझिण्या गेल्या.

कॉम्प्युटर मात्र त्याच संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बंद पडला. तेव्हा मी तुम्हाला फोन केला नाही.

मग नवीन सप्लाय आणला, 650 चा. सगळ्या वायरी काढून पुन्हा लावताना अर्धा रविवार गेला. दोन दिवस सुरळीत. तुम्हाला "झाला नीट" सांगितलं ते याच दोन दिवसांत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या रात्री मी खुर्चीत बसून रडले, हे आईला आवडणार नाही, पण रडले.

सुटलं कसं, तर तुमच्या रजिस्टरमुळे. "ट्रिपिंगचं रजिस्टर असतं तसं लिहून ठेव, वार, वेळ, त्या वेळी काय चालू होतं" असं तुम्ही म्हणाला होतात. मी लिहिलं नव्हतं. पण विंडोज स्वतः नोंद ठेवतं. दर वेळी एक ओळ असते, कर्नेल-पॉवर 41. तिचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी कॉम्प्युटर रीतसर बंद झाला नव्हता. ही ओळ मी शंभरदा पाहिली होती. ती म्हणजे "पेशंट दगावला" एवढंच लिहिलेला दाखला, कशाने ते नाही. शिवाय तिची वेळ पुन्हा चालू झाल्याची असते. बंद पडल्याची वेळ 6008 नंबरच्या दुसऱ्या नोंदीत मिळते. तुम्हाला तक्ता पाठवायचा म्हणून दोन्हीकडून वेळा उतरवत बसले, आणि एका 41 चे तपशील उघडले.

आत बऱ्याच रकान्यांत शून्यं. एका रकान्यात मात्र अठरा आकडी संख्या. रकान्याचं नाव पॉवरबटण टाइमस्टॅम्प. तिथे शून्य नसेल तर समजायचं की बंद होण्याआधी कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरलं होतं.

घरात मी एकटी. बटणापासून हात लांब. अंगावर काटाच आला, खरं सांगते.

आता बटणाचं असं. ते आपल्या दारावरच्या बेलसारखं. दाबलं की दोन पिना जुळतात, सोडलं की सुटतात. थोडा वेळ दाबलं तर काय करायचं ते विंडोज ठरवतं, पण सलग चार सेकंद दाबून धरलं तर मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात ती मुख्य पाटी, विंडोजला न विचारता करंट तोडतो. म्हणून ते चार-पाच सेकंद! बटण आत अडकलं असेल तर चालू करताच बंद होणार, आणि अर्धवट अडकलं असेल तर टेबलाला धक्का लागेल तेव्हा. रेंडर लावून मी टेबल सोडून जायचे, म्हणून रेंडर सुखरूप. मेमटेस्टच्या रात्री काय हललं, ते मात्र मला अजून नीट लागलेलं नाही. पलीकडच्या खोलीतलं वॉशिंग मशीन असावं.

पण थोडा वेळ दाबल्यावर विंडोजने रीतसर शट डाउन तरी करायला हवं होतं. ते करायचं नाही असं मीच सांगून ठेवलं होतं. दादाचा ओजू मे महिन्यात इथे दहा दिवस होता. निळा दिवा असलेलं बटण, तीन वर्षांचं पोर. पाचव्यांदा माझं काम बंद पाडलंन तेव्हा मी सेटिंगमध्ये जाऊन "बटण दाबल्यास काहीही करू नये" असं ठेवलं आणि विसरले.

खात्री करायची म्हणून बटणाची दोन पिनांची वायर मदरबोर्डवरून उपसून ठेवली. चालू करायचं तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना क्षणभर टेकवायचं. या वेळी दुसरं काही बदललं नाही. सहा दिवस चालवला, एकदाही पडला नाही. मग पुढची पट्टी उघडली. बटणाच्या भोवती तपकिरी, चकचकीत कडं. धूळ असेल म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, हलेना. कोमट पाण्याचा बोळा लावला तर लगेच विरघळलं. बोळा नाकाशी नेला.

आई, काकवी. तू जानेवारीत गुऱ्हाळावरून आणून पाठवलेली. ओजू पोळीला लावून खायचा आणि त्याच बोटाने बटण. मे महिन्यात ती वाळून खडीसारखी झाली असणार, जूनची हवा लागली आणि पाझरली. आता लगेच "पुढच्या वर्षी पाठवत नाही" म्हणू नकोस. पाठव. दोन डबे पाठव. फक्त वहिनीला हे सांगू नकोस, ती उगीच मनाला लावून घेईल.

तर हिशेब. पॉवर सप्लाय 6,350, वायरमन 400, थर्मल पेस्ट 250. सात हजार तंतोतंत. दुकानदार उघडलेला खोका परत घेत नाही. मी पैसे परत पाठवणार आणि तुम्ही ते घेणार नाही हे दोघांनाही माहीत आहे, म्हणून दुसरं सुचवते. जुना 550 चा सप्लाय धडधाकट आहे, गणपतीला येताना आणते. त्याच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर शेजारच्या काळीला जोडली की तो कॉम्प्युटरशिवाय चालू होतो, आणि पिवळ्या वायरीवर बारा व्होल्ट भरपूर मिळतात. आरासीच्या एलईडी पट्ट्या बाराच्याच असतात ना? दर वर्षी तुमचा तो छोटा अडॅप्टर तापतो, तो या वर्षी ठेवून द्या. फक्त उघडू नका हं. आतल्या कॅपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बसलेले असतात. हे तुम्हाला मी सांगावं म्हणजे अतीच झालं, पण आईच्या समाधानासाठी लिहिलं.

बटण साफ केलं तरी आतला स्विच अजून चिकटच लागत होता. म्हणून शेजारच्या रीसेट बटणाची वायर पॉवरच्या पिनांवर लावली. दोन्ही स्विच एकाच जातीचे असतात. आता कॉम्प्युटर त्या बारीक बटणाने चालू होतो. मोठं बटण कुठेच जोडलेलं नाही, पण त्याचा निळा दिवा मी तसाच ठेवलाय. ओजूला सांगा, आत्या म्हणाली, कितीही दाब.

तुमची,
मनू